उन्हाळी जलतरण स्पर्धेसाठी तलाव निवडताना: आधी खोली मोजा, मग फ्लेक्स छापा

मे महिना लागला की गावोगावी पोरांच्या स्पर्धांचे फ्लेक्स झळकू लागतात. कबड्डी, क्रिकेट आणि धावण्याच्या जोडीला काही मंडळं, शाळा आणि क्रीडा संस्था पोहण्याच्या स्पर्धाही घेतात. मैदानी खेळाचं सोपं असतं. जागा साफ केली, चुन्याची फक्की मारली की मैदान तयार. पाण्याचं तसं नाही. तलाव चुकला तर पोरांच्या जिवावर बेततं, आणि स्पर्धेच्या दिवशी ती चूक दुरुस्त करता येत नाही.

बहुतेक ठिकाणी तलाव ठरतो तो ओळखीवर, भाड्यावर किंवा पार्किंगवर. हे सगळं बघावंच, पण नंतर. पहिला प्रश्न एकच: पोरं जिथून सूर मारणार त्या टोकाला पाणी किती आहे? या प्रश्नाचं उत्तर नीट मिळालं तरच पुढची बोलणी करावीत.

कोणता तलाव चालतो, कोणता नाही

ग्रामीण भागातल्या आयोजकांसमोर साधारण चार पर्याय असतात: जिल्हा किंवा तालुका क्रीडा संकुलाचा तलाव, नगरपरिषदेचा किंवा महापालिकेचा तलाव, निवासी शाळा-कॉलेजचा तलाव, आणि हॉटेल किंवा रिसॉर्टचा तलाव. पहिले तीन बहुधा चौकोनी आणि मोजमापात बांधलेले असतात. हॉटेलचा तलाव दिसायला देखणा असला तरी कडा वळणदार, लांबी अडनिडी आणि खोली कमी असते. तिथे पोरं खेळतील, पण शर्यत होणार नाही. वॉटर पार्कमधला लाटांचा तलाव तर विचारातच घेऊ नये.

शेततळं, विहीर, बंधारा आणि कॅनॉल यांत स्पर्धा घेण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. शेततळ्याला उतरती बाजू असते आणि त्यावर प्लास्टिकचा कागद. त्यावर शेवाळ धरलं की पट्टीचा पोहणाराही काठावर चढू शकत नाही, हात सटकत राहतात. तीन मीटर खोल गढूळ पाण्यात बुडालेलं पोर वरून दिसतही नाही. मालवणच्या चिवला बीचवर समुद्रात पोहण्याच्या स्पर्धा होतात हे खरं, पण उघड्या पाण्यातल्या स्पर्धेला होड्या, बचाव पथक आणि वेगळी तयारी लागते. ते काम तालुक्याच्या मंडळाचं नव्हे.

सूर मारायच्या टोकाला पाणी किती?

गावाकडची बरीच पोरं कमरेला डबा नाहीतर ट्यूब बांधून विहिरीत पोहायला शिकतात. विहिरीत दोन-तीन परस पाणी असतं, त्यामुळे वरून सरळ खाली सूर मारायची सवय लागते. हेच पोर चार फूट पाण्याच्या तलावात त्याच सवयीने सूर मारतं, तेव्हा डोकं थेट फरशीवर आपटतं. मानेचा मणका मोडला तर हातपाय कायमचे लुळे पडू शकतात. म्हणून खोलीच्या बाबतीत तडजोड नको.

जागतिक जलतरण संघटना म्हणजे वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्स, जिचं पूर्वीचं नाव फिना. तिच्या नियमानुसार उडी मारायचे चौथरे असलेल्या टोकाला, भिंतीपासून १ मीटर ते ६ मीटरच्या पट्ट्यात, किमान १.३५ मीटर खोली लागते. म्हणजे जवळजवळ साडेचार फूट पाणी, आणि तेही भिंतीपासून सुमारे वीस फुटांपर्यंत. बाकी ठिकाणी किमान १ मीटर, म्हणजे सव्वातीन फूट. चौथऱ्याची उंची पाण्यापासून अर्धा ते पाऊण मीटर असते.

साडेचार फूट ही कमीत कमी मर्यादा आहे, आणि ती पाण्यावर आडवा, उथळ सूर मारायचं शिक्षण घेतलेल्या पोरांसाठी आहे. नवशिकी पोरं असतील तर सहा फुटांच्या पुढचं टोक शोधावं. तसं टोक नसेल तर चौथरे बंद ठेवून सगळ्यांची सुरुवात पाण्यातूनच करावी. एक हात भिंतीला, शिट्टी झाली की सुटायचं. यात स्पर्धेची मजा कमी होत नाही.

खोली मोजताना भिंतीवर रंगवलेल्या आकड्यावर विसंबू नये. तो आकडा तलाव काठोकाठ भरलेला असतानाचा असतो. उन्हाळ्यात पाणी उडून जातं, गळती असली तर आणखी उतरतं. लांब बांबूवर दर अर्ध्या फुटाला खूण करून तो भिंतीजवळ, तीन फुटांवर, दहा फुटांवर आणि वीस फुटांवर तळाला टेकवावा. पाच मिनिटांचं काम आहे.

आपल्याकडचे पुष्कळ तलाव एका बाजूला उथळ आणि दुसऱ्या बाजूला खोल असतात. असा तलाव चालतो, पण शर्यतींची आखणी त्याप्रमाणे करावी लागते. २५ मीटरची शर्यत खोल बाजूने सुरू करून उथळ बाजूला संपवावी. दमलेलं पोर तिथे पायावर उभं राहू शकतं. ५० मीटरची शर्यत खोल बाजूने सुरू होऊन तिथेच संपते, तेही ठीक. घोटाळा होतो तो रिलेत. ४ बाय २५ मीटर रिलेमध्ये दुसरं आणि चौथं पोर उथळ बाजूने उडी मारतं. अशा तलावात ती रिले ठेवूच नये, किंवा उथळ बाजूच्या पोरांनी पाण्यातूनच सुरुवात करावी. हा नियम आधीच पत्रकात छापावा, म्हणजे त्या दिवशी पालकांशी वाद होत नाही.

लांबी आणि लेन

ऑलिम्पिकचा तलाव ५० मीटर लांब आणि २५ मीटर रुंद असतो. तालुक्याच्या स्पर्धेला एवढ्याची गरज नाही. २५ मीटरचा, म्हणजे ८२ फुटांचा तलाव लहान मुलांना उलट सोयीचा पडतो. २०-२२ मीटरच्या तलावातली वेळ मात्र इतर कुठल्या वेळेशी ताडून बघता येत नाही. जिल्ह्याला किंवा पुढे जायचं स्वप्न बघणाऱ्या पोराला आपली खरी वेळ कळली पाहिजे. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये भारताकडून पोहण्यात भाग घेतला, तेव्हा तो शाळकरी वयाचा होता. अशा वाटेवर पोराची निवड घड्याळावरच होते. म्हणून लांबी स्टीलच्या टेपने, पाण्याच्या पातळीला, दोन्ही कडांना आणि मधोमध मोजावी. कापडी टेप ताणला जातो.

नियमाप्रमाणे एक लेन २.५ मीटर रुंद असते, आणि पहिल्या व शेवटच्या लेनच्या बाहेर थोडी जागा मोकळी सोडतात. त्या हिशेबाने साडेदहा मीटर रुंदीत ४ लेन बसतात आणि साडेपंधरा मीटरमध्ये ६. लहान वयोगटाच्या फ्रीस्टाइलला लेन जरा अरुंद केली तरी निभावतं. बटरफ्लायमध्ये हात दोन्हीकडे फेकले जातात, तिथे अरुंद लेनमध्ये शेजाऱ्याला फटका बसतो.

लेनच्या दोऱ्या तलावाकडे आहेत का, त्या ताणायचे हूक भिंतीत शाबूत आहेत का, हे हात लावून बघावं. दोरी सैल असली की नवशिकं पोर तिरकं जाऊन दुसऱ्याच्या अंगावर येतं. बॅकस्ट्रोक ठेवायचा असेल तर दोन्ही भिंतींपासून ५ मीटर अलीकडे, पाण्यापासून १.८ मीटर उंचीवर आडव्या पताका बांधाव्या लागतात. उताणं पोहणाऱ्याला भिंत जवळ आली हे त्या पताका बघूनच कळतं. पताका गणपतीच्या मंडपाच्या चालतील, पण अंतर बरोबर हवं आणि खांब पक्के हवेत. ते जमत नसेल तर बॅकस्ट्रोक वगळावा. नाहीतर डोकं भिंतीवर.

किती पोरं, किती वेळ: आधीच हिशेब

एका वेळी जितकी पोरं पाण्यात उतरतात त्या फेरीला हीट म्हणतात. समजा १५० मुलं आली आणि प्रत्येकाने दोन शर्यतींत नाव दिलं, तर ३०० नावं झाली. ६ लेनच्या तलावात त्याच्या ५० हीट होतात. नावं पुकारणं, पोरं जागेवर आणणं, पोहणं आणि बाहेर काढणं असे एका हीटला ३ मिनिटं धरले तर अडीच तास लागतात. सकाळी ७ ला सुरू केलं तर साडेनऊला मोकळं. त्याच १५० मुलांना ४ लेनचा तलाव घेतला तर ७५ हीट, म्हणजे पावणेचार तास. पावणेअकरा वाजतात. मे महिन्यात मराठवाडा-विदर्भात पावणेअकराचं ऊन काय असतं, हे सांगायला नको.

हा हिशेबही कमीत कमीचा आहे. मुलं-मुली आणि वयोगट वेगळे केले की प्रत्येक हीट भरतेच असं नाही. शालेय स्पर्धांप्रमाणे १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे तीन गट केले तरी हीट वाढतात. म्हणून लेन कमी असतील तर एका मुलाला एकच शर्यत द्यावी किंवा स्पर्धा दोन सकाळींत वाटावी.

काठावरची जागाही बघावी. घड्याळ हाताने लावायचं असेल तर नियमाप्रमाणे एका लेनला तीन वेळ नोंदवणारे असतात आणि तिघांची वेळ वेगळी आली तर मधली धरतात. ६ लेनला १८ माणसं झाली. शिवाय पंच आणि बाहेर पडणारी पोरं. शेवटच्या टोकाला इतकी माणसं उभी राहतील एवढा रुंद काठ नसेल तर ढकलाढकल होऊन कोणीतरी पाण्यात जाणारच.

पाणी स्वच्छ आहे का, आणि ते आलं कुठून

सोपी कसोटी अशी: काठावर उभं राहून सगळ्यात खोल जागेची फरशी आणि तळाची जाळी स्पष्ट दिसली पाहिजे. दिसत नसेल तर त्या तलावात पोर बुडालं तरी दिसणार नाही. अशा पाण्यात स्पर्धा घेऊ नये, मग भाडं माफ असलं तरी.

गावच्या पिण्याच्या पाण्यात क्लोरीन आहे का, हे ग्रामपंचायतीचा कर्मचारी ओटी टेस्टने बघतो. थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. तलावाचीही तशीच तपासणी असते. फक्त तलावात क्लोरीन जास्त लागतं, साधारण १ ते ३ पीपीएम, आणि पीएच ७.२ ते ७.८ च्या दरम्यान हवा. गावच्या किटवरची रंगाची पट्टी पिण्याच्या पाण्यासाठी असते, म्हणून तलावाचं किट वेगळं घ्यावं. तलावचालकाकडे रोजची नोंदवही मागावी. वहीच नसेल तर तपासणी होत नाही असं समजावं.

डोळ्यांत झोंबणारा उग्र वास म्हणजे पाणी चांगलं, हा समज चुकीचा आहे. घाम आणि लघवी क्लोरीनमध्ये मिसळली की तो वास सुटतो. नेहमीच्या बॅचेस आदल्या संध्याकाळपासून बंद ठेवून रात्रभर फिल्टर चालू ठेवायला सांगावं. पहाटे पुन्हा पाणी तपासावं. स्पर्धेच्या तोंडावर टीसीएल पावडरची पोती ओतून पाणी स्वच्छ केल्याचं दाखवणाऱ्या चालकापासून लांब राहावं.

दुसरा मुद्दा पाण्याच्या टंचाईचा. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात सुमारे ४ लाख ६९ हजार लिटर पाणी मावतं. दहा हजार लिटरचे ४७ टँकर. शेजारच्या वाडीवर हंडे रांगेत लागलेले असताना एका दिवसाच्या स्पर्धेसाठी रिकामा तलाव भरून घेणं कोणत्याही मंडळाला शोभणार नाही. आधीच भरलेला, फिल्टर चालू असलेला तलावच घ्यावा.

जीवरक्षक, जाळी आणि वायर

जीवरक्षक किती आहेत एवढंच विचारू नये. त्यांचं प्रशिक्षण कुठलं, स्पर्धेच्या वेळी ते दुसरं काही काम करणार का, हेही विचारावं. ज्याच्या हातात घड्याळ किंवा माईक आहे तो जीवरक्षक नव्हे. किमान दोघं, समोरासमोरच्या काठावर, फक्त पाण्याकडे बघत. सकाळचं तिरपं ऊन पाण्यावर चमकतं आणि तळ दिसेनासा होतो. म्हणून स्पर्धेच्याच वेळी एकदा तलावावर जाऊन ऊन कुठून येतं ते बघावं आणि त्यांच्या जागा ठरवाव्यात.

काठावर दोरीची रिंग, लांब बांबू आणि प्रथमोपचार पेटी हवी. १०८ ची रुग्णवाहिका थेट काठापर्यंत येईल असा रस्ता मोकळा ठेवावा, तिथे गाड्या लावू देऊ नयेत. जवळचं ग्रामीण रुग्णालय किती मिनिटांवर आहे हे आधी गाडीने जाऊन बघावं. बुडालेल्या पोराला बाहेर काढल्यावर पोट दाबणं किंवा पाय धरून गरगर फिरवणं हे प्रकार करू नयेत, त्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास बंद असेल तर तोंडाने श्वास देणं आणि छातीवर दाब देणं, ३० दाबांनंतर २ श्वास, हेच करायचं असतं. हे शिकलेली दोन-तीन माणसं काठावर हवीतच. सूर मारताना डोकं आपटलं असेल तर पोराला ओढून वर काढू नये. डोकं आणि मान एका रेषेत धरून पाण्यावर उताणं तरंगत ठेवावं आणि प्रशिक्षित माणूस येईपर्यंत धरून राहावं. श्वास बंद असेल तर मात्र मान सांभाळत लगेच बाहेर घ्यावं.

तळाला पाणी ओढणारी जाळी असते. ती तुटलेली किंवा सैल असेल तर मोटरच्या ओढीने केस किंवा हात अडकतो आणि पोर वर येऊ शकत नाही. जाळी दुरुस्त झाल्याशिवाय तलाव घेऊ नये.

मंडपवाल्याच्या वायरी हा आणखी एक धोका. स्पीकर आणि पंख्यांच्या जोडणी दिलेल्या वायरी ओल्या फरशीवर पसरलेल्या असतात. वीज गळाली की आपोआप बंद करणारा ब्रेकर त्या लाइनवर आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावं. स्पीकर काठापासून लांब लावावेत.

ऊन आणि अवकाळी

पोरांचा बराच वेळ पाण्यात नाही, तर काठावर नंबरची वाट बघण्यात जातो. म्हणून सावली पोरांच्या बसण्याच्या जागेवर हवी. पाहुण्यांचा मंडप नंतर. पिण्याचं पाणी आणि ओआरएस ठेवावं. नियमाप्रमाणे स्पर्धेच्या पाण्याचं तापमान २५ ते २८ अंश असतं. मे मधल्या उघड्या तलावाचं पाणी त्याहून गरम होऊ शकतं, त्यामुळे लांब अंतराच्या शर्यती टाळाव्यात.

मे मध्ये दुपारनंतर वळवाचा भरवसा नसतो. ढगाचा गडगडाट ऐकू आला की सगळ्यांना पाण्याबाहेर काढून पक्क्या इमारतीत न्यावं, मंडपाखाली नाही. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबावं. विजेचा इशारा देणारं दामिनी अ‍ॅप एकाच्या मोबाइलमध्ये चालू ठेवावं. सगळी पोरं आत मावतील अशी इमारत तलावाजवळ आहे का, हेही निवडीत धरावं.

मुलींची सोय

कपडे बदलायला नीट खोली नाही म्हणून घरचे मुलींना पाठवत नाहीत. मुलींसाठी वेगळी खोली, आतून लागणारी कडी, उजेड, वर-खाली फट नसलेलं दार आणि चालू स्थितीतलं स्वच्छतागृह हवं. दारावर महिला स्वयंसेवक बसवावी. खोलीत मोबाइल नेण्यास सगळ्यांना बंदी असावी. काठावरून फोटो आणि व्हिडिओ कोण काढणार हेही आधी ठरवावं, आणि पालकांच्या लेखी संमतीशिवाय मुलांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नयेत.

अंतर आणि कागदपत्रं

सात वाजता स्पर्धा सुरू करायची तर लांबच्या गावातल्या पोरांना पहाटे निघावं लागतं, आणि पहिली एसटी तेवढ्या लवकर नसते. जवळचा उथळ तलाव आणि लांबचा खोल तलाव यांत निवड करायची वेळ आली तर लांबचा घ्यावा आणि गाडीची वर्गणी काढावी. किंवा लांबच्या पोरांच्या शर्यती कार्यक्रमात मागे ठेवाव्यात.

तलाव ज्याच्या ताब्यात आहे त्याची लेखी परवानगी घ्यावी. क्रीडा संकुल असेल तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करावी, नगरपरिषदेचा असेल तर मुख्याधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. स्पीकरसाठी पोलीस ठाण्याची परवानगी लागते. जिल्हा जलतरण संघटनेला कळवलं तर जाणकार पंच मिळण्याची शक्यता असते. भाड्यात लेनच्या दोऱ्या, जीवरक्षक आणि जनरेटर धरलेले आहेत का, हे कागदावर घ्यावं. प्रत्येक मुलाचा वयाचा दाखला आणि पालकांचं संमतीपत्र जमा करावं. फिट येणं, दमा, हृदयाचा त्रास किंवा कान वाहणं याची माहिती त्याच पत्रात मागावी.

तलाव बघायला जाताना

सोबत न्यावं: खुणा केलेला बांबू, स्टीलचा टेप, पाणी तपासायचं किट, वही.

१. सूर मारायच्या टोकाला वीस फुटांपर्यंत साडेचार फुटांपेक्षा जास्त पाणी आहे का?
२. लांबी बरोबर २५ किंवा ५० मीटर आहे का? लेन किती बसतात?
३. खोल जागेचा तळ वरून स्पष्ट दिसतो का? नोंदवही आहे का?
४. तळाची जाळी, दोऱ्यांचे हूक आणि बाहेर यायच्या शिड्या शाबूत आहेत का?
५. फक्त पाण्याकडे बघणारे किमान दोन प्रशिक्षित जीवरक्षक मिळतील का?
६. रुग्णवाहिका काठापर्यंत येते का?
७. सावली, पक्की इमारत आणि मुलींची खोली आहे का?
८. आलेली नावं भागिले लेन गुणिले ३ मिनिटं, हा हिशेब दहाच्या आत बसतो का?

पहिल्या, तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या प्रश्नाला "नाही" असं उत्तर आलं तर तो तलाव तसाच घेऊ नये. खोली कमी असेल तर सुरुवात पाण्यातून ठेवून फक्त २५ मीटर फ्रीस्टाइल घेता येते. तळ दिसत नसेल, जाळी तुटलेली असेल किंवा जीवरक्षक नसतील, तर शेजारच्या तालुक्यातला तलाव बघावा किंवा स्पर्धा पुढे ढकलावी. फ्लेक्स पुन्हा छापता येतो.